प्रस्तावना : हरलेल्या फौजेचा सेनापती

फील्ड मार्शल विल्यम स्लिमचं चरित्र मराठीत असायला हवं, असं मला दोन कारणांसाठी वाटतं. पहिलं कारण सरळ आहे. ज्या चौदाव्या सैन्याच्या बळावर त्याने ब्रह्मदेश परत जिंकला, त्या सैन्यात सर्वांत मोठा भरणा भारतीय जवानांचा होता. पंजाब, गढवाल, राजपुताना, मद्रास इथले शिपाई त्यात होते, तसे आपल्या सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचेही होते. या माणसांच्या लढायांना आपल्या शालेय इतिहासात जागा मिळाली नाही आणि इंग्रजांच्या युद्धकथांत त्या युरोपच्या आडोशाला गेल्या. दुसरं कारण स्लिमच्या स्वभावात आहे. पराभव झाला की त्याचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचं, ही अधिकारपदांवरची जुनी रीत. स्लिम हरला, सपाटून हरला, आणि त्या हारेचा हिशोब त्याने स्वतःच्या खात्यावर लिहिला. मग ती हार का झाली, याची एकेक गाठ शांतपणे सोडवली. त्याच्या पुढच्या विजयाची मुळं तिथे आहेत आणि हे पुस्तक मुख्यतः त्या मुळांविषयी आहे.

स्लिमचा जन्म ६ ऑगस्ट १८९१ रोजी ब्रिस्टलला झाला. तो वाढला बर्मिंगहॅममध्ये. घरची परिस्थिती बेताची. त्या काळात ब्रिटिश लष्करातला अधिकारी व्हायचं तर गाठीला पैसा लागे आणि घराण्याचं नाव लागे. स्लिमकडे दोन्ही नव्हतं. त्याने गरीब वस्तीतल्या प्राथमिक शाळेत मुलांना शिकवलं, मग धातूचे पाइप बनवणाऱ्या कंपनीत कारकुनी केली. बर्मिंगहॅम विद्यापीठाचा विद्यार्थी नसतानाही तिथल्या अधिकारी प्रशिक्षण पथकात १९१२ मध्ये त्याने नाव घातलं, आणि ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा याच पथकाच्या आधाराने त्याला अधिकारपद मिळालं. कारकुनाच्या टेबलावरून उठून आलेला हा माणूस पुढे ब्रिटिश लष्कराचा प्रमुख झाला. मजुरांच्या मुलांना शिकवताना आणि कारखानदारीच्या शहरात वावरताना त्याने सामान्य माणूस जवळून पाहिला होता. बोलीत, वागण्यात, निर्णयांत ही ओळख त्याच्याजवळ आयुष्यभर राहिली.

गॅलिपोलीत ऑगस्ट १९१५ मध्ये तो गंभीर जखमी झाला. तिथेच त्याने सहाव्या गुरखा रायफल्सचे जवान लढताना पाहिले आणि सैन्यात राहायचं तर यांच्याबरोबर, असं मनाशी ठरवलं. मेसोपोटेमियात १९१७ मध्ये पुन्हा जखमी झाला, मिलिटरी क्रॉस मिळवला, आणि १९१९ मध्ये भारतीय सैन्यात बदली घेऊन पुढच्या वर्षी त्याच गुरखा पलटणीत दाखल झाला. क्वेट्टाच्या स्टाफ कॉलेजात शिकला, इंग्लंडमधल्या कँबर्लीच्या स्टाफ कॉलेजात शिकवलं. पगारात भागेना म्हणून ‘अँथनी मिल्स’ या टोपणनावाने मासिकांना कथा लिहिल्या. नेटकं, साधं, नेमकं लिहिण्याची ती सवय पुढे त्याच्या हुकूमनाम्यांत उतरली आणि युद्धानंतरच्या आठवणींत तर फळाला आली.

मराठी वाचकाने इथे थोडं थांबावं. जून १९३९ मध्ये स्लिमला कर्नलची बढती मिळाली आणि त्याची नेमणूक झाली बेळगावला, तिथल्या वरिष्ठ अधिकारी प्रशाळेचा प्रमुख म्हणून. मराठा लाइट इन्फन्ट्रीची प्रशिक्षण पलटण त्याच गावात होती. महायुद्धाला तोंड लागलं तेव्हा ब्रह्मदेशाचा हा भावी विजेता बेळगावच्या छावणीत होता. वयाची अठ्ठेचाळिशी गाठलेला, केसांत पांढरं डोकावू लागलेला, फारशी कुणाला ठाऊक नसलेली कारकीर्द पाठीशी असलेला अधिकारी. त्या दिवशी युद्ध झालं नसतं तर तो कर्नल म्हणूनच निवृत्त झाला असता, असं मानायला जागा आहे.

युद्धातली त्याची सुरुवात अपयशाने झाली. नोव्हेंबर १९४० मध्ये सुदान आणि इथिओपियाच्या सीमेवर गल्लाबातच्या किल्ल्यावर त्याच्या दहाव्या भारतीय ब्रिगेडने हल्ला चढवला. किल्ला हाती आला, पण पलीकडचं मेटेम्मा घेता आलं नाही. रणगाडे सुरुंगांनी आणि खडकांनी निकामी झाले, इटालियन विमानांनी बाँबवर्षाव केला, एक पलटण कचरली आणि स्लिमने माघार घेतली. पुढे त्याने लिहिलं की समोर दोन मार्ग होते आणि त्याने धाडसाचा मार्ग सोडून दुसरा निवडला. चूक त्याचीच होती. त्या पलटणीवर, विमानदळावर, गुप्तवार्ता विभागावर बोट दाखवण्याची सोय त्याला होती. त्याने ती वापरली नाही. या एका कबुलीत पुढचा सगळा स्लिम दिसतो.

खरी कसोटी लागली ब्रह्मदेशात. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडलं आणि त्याच महिन्यात नव्याने जुळवलेल्या बर्मा कोअरची सूत्रं स्लिमकडे आली. फौज दमलेली, विमानांचं छत्र संपलेलं, आणि सतराव्या भारतीय डिव्हिजनचे लचके सितांग नदीवरच तुटलेले. नदीवरचा पूल वेळेआधी उडवावा लागल्याने फेब्रुवारीत त्या डिव्हिजनचा मोठा भाग पैलतीरी अडकला होता. जपानी सैन्य रस्ता सोडून जंगलात शिरे, वळसा घालून मागे येई आणि वाट अडवून बसे. रस्त्याला जखडलेल्या ब्रिटिश-भारतीय फौजेला त्यावर उत्तर सुचत नव्हतं. एप्रिलमध्ये येनांगयाउंगच्या तेलविहिरी शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून स्लिमच्या हुकमाने पेटवण्यात आल्या. तिथेच वेढ्यात सापडलेल्या पहिल्या बर्मा डिव्हिजनच्या सुटकेसाठी जनरल सुन ली-जेनची चिनी डिव्हिजन धावून आली. स्लिमने आपले रणगाडे आणि तोफा सरळ त्या चिनी सेनापतीच्या हुकमतीखाली दिल्या. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्याने हे करणं ही साधी गोष्ट नव्हती.

सुमारे ९०० मैलांची ती माघार मे महिन्यात मणिपूरच्या डोंगरांत संपली. त्याच वाटांनी लाखो भारतीय निर्वासितही जीव मुठीत धरून परतत होते आणि त्यांतले हजारो वाटेतच उपासमारीने, कॉलऱ्याने गेले. शेवटच्या तुकड्या आल्या तेव्हा पावसाची झड लागली होती. रस्त्याकडेच्या उंचवट्यावर उभा राहून स्लिम त्यांना पाहत होता. अंगावर चिंध्या, पायांत धड बूट नाहीत, बरेचसे तापाने फणफणलेले. पण प्रत्येकाच्या हातात हत्यार होतं आणि तुकड्या तुकड्यांसारख्याच चालत होत्या. इंफाळला त्यांच्यासाठी ना तंबू होते, ना घोंगड्या. आपल्या माणसांना मिळालेली ही वागणूक स्लिम कधी विसरला नाही. दुसरीकडे, आपल्याला शत्रूने डावपेचांत पुरतं मागे टाकलं होतं, हेही त्याने स्वतःपासून लपवलं नाही.

पुढचं वर्षभर तो शिकत होता. रांचीच्या परिसरात त्याने आपल्या कोअरला जंगलाची सवय लावली. जंगल तटस्थ असतं, तिथे राहायला आणि चालायला शिकलेल्या माणसाचा ते आसरा बनतं. शत्रूने मागे येऊन वाट अडवली तर वेढले गेलो असं न मानता आपणच त्याला वेढलं आहे असं मानायचं, जागा सोडायची नाही, रसद विमानाने येईल. ही सूत्रं त्याने शिपायापासून स्वयंपाक्यापर्यंत प्रत्येकाच्या अंगी मुरवली. १९४३ च्या आराकान मोहिमेत मात्र जुन्याच चुका जुन्याच पद्धतीने झाल्या. ती फसल्यावर ईस्टर्न आर्मीचा सेनापती जनरल आयर्विनने दोष स्लिमच्या माथी मारायचा प्रयत्न केला. अखेर जावं लागलं ते आयर्विनलाच. त्या वर्षाच्या उत्तरार्धात चौदावं सैन्य उभं राहिलं आणि त्याचं सेनापतिपद स्लिमकडे आलं.

या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण लढायांचं नाही, हे वाचकाला आधीच सांगतो. ते आहे हिवतापाचं, तांदळाचं, तागाचं आणि रस्त्यांचं. १९४३ मध्ये जखमी होऊन मागे पाठवलेल्या दर एका जवानामागे १२० जवान आजारी पडून मागे जात होते. हिवतापाचं वार्षिक प्रमाण एकूण संख्याबळाच्या ८४ टक्के होतं. म्हणजे जपान्यांनी एकही गोळी झाडली नसती तरी हे सैन्य वर्षभरात विरघळून गेलं असतं. स्लिमने हा प्रश्न डॉक्टरांवर सोपवून हात झटकले नाहीत. हिवतापाच्या रुग्णाला शेकडो मैल मागे भारतात पाठवण्याऐवजी आघाडीच्या थोडंसंच मागे तंबूंतली उपचार केंद्रं उभी केली; ताप आल्यावर दिवसभरात जवान तिथे पोहोचे आणि काही आठवड्यांत परत पलटणीत येई. मेपाक्रीनची गोळी रोज घ्यायची, हा हुकूम होता. पण त्या गोळीने कातडी पिवळी पडते आणि पुरुषत्व जातं, अशी आवई छावणीत उठली होती, त्यामुळे गोळ्या गुपचूप थुंकल्या जात. मग स्लिमने अचानक तपासण्या सुरू केल्या. एखादी पलटण गाठायची, तिच्यातल्या प्रत्येक माणसाची तपासणी करायची आणि ९५ टक्क्यांहून कमी जणांच्या अंगात औषध सापडलं तर शिक्षा शिपायाला नाही, पलटणीच्या कमांडिंग अधिकाऱ्याला. त्याची तिथल्या तिथे उचलबांगडी. तीन अधिकारी असे घरी गेले. चौथ्याची वेळ आली नाही. १९४५ उजाडलं तेव्हा आजाऱ्यांचं प्रमाण रोज हजारी एकावर आलं होतं.

रसदीचंही तेच. युरोपच्या आघाडीला सगळं आधी मिळे, ब्रह्मदेशाला उरलंसुरलं. विमानातून धान्य आणि दारूगोळा टाकायला पॅराशूट कमी पडू लागली तेव्हा स्लिमच्या लोकांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्या गाठल्या. तागाच्या कापडाची पॅराशूट तयार झाली. माणसाने त्यावर विसंबू नये, पण तांदळाच्या पोत्याला ती पुरेशी होती आणि एकाचा खर्च नेहमीच्या पॅराशूटच्या सुमारे विसावा हिस्सा. रस्त्यांना खडी मिळेना तेव्हा डांबरात भिजवलेल्या गोणपाटाचे पट्टे अंथरून त्यावरून मालमोटारी धावल्या. भाजीपाल्याची शेतं, बदकांचे कळप हेही सैन्याने पाळले. पुढच्या तुकडीला अर्ध्या शिध्यावर राहावं लागलं की स्लिम आपल्या मुख्यालयाचाही शिधा अर्ध्यावर आणी. कागद हलवणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला पोटातली भूक जेवढी घाई करायला लावते तेवढी कुठलीही सूचना लावत नाही, हे त्याने ओळखलं होतं. तो पलटणींत जाई, जीपवर उभा राहून गुरख्यांशी गुरखालीत आणि भारतीय जवानांशी उर्दूत बोले. भाषण करण्याचा आव नाही, मोठे शब्द नाहीत. जवान त्याला आपसांत ‘अंकल बिल’ म्हणत.

मार्च १९४४ मध्ये जनरल मुटागुचीच्या सुमारे ८५ हजारांच्या जपानी फौजेने चिंदविन नदी ओलांडली आणि इंफाळ-कोहिमाकडे मुसंडी मारली. स्लिमने आधीच ठरवलं होतं की पुढच्या डिव्हिजन इंफाळच्या मैदानात मागे घ्यायच्या आणि शत्रूला त्याच्या रसदीपासून दूर खेचून मारायचं. बेत अचूक होता, पण दोन हिशोब चुकले. माघारीचा हुकूम उशिरा निघाला, आणि कोहिमाच्या डोंगरवाटांनी फार तर एक रेजिमेंट येईल असं वाटत असताना आख्खी एकतिसावी डिव्हिजन येऊन थडकली. या दोन्ही चुका त्याने पुढे स्वतःच्या नावावर छापून ठेवल्या. त्या सावरल्या गेल्या त्यात उखरूलजवळच्या सांगशाक गावाचा मोठा वाटा आहे. पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. खडकाळ टेकडी, खंदक खणता येत नव्हते, काटेरी तार नव्हती, पाणी संपत आलेलं. २६ मार्चच्या रात्रीपर्यंत या लोकांनी जपान्यांना रोखून धरलं, आणि तिथे हाती लागलेल्या नकाशांतून कोहिमावर किती मोठं संकट येतंय ते इंफाळला कळलं. मधल्या काळात आराकानातली पाचवी भारतीय डिव्हिजन तोफा आणि खेचरांसकट विमानांनी इंफाळला आणली गेली. कोहिमाच्या शिबंदीने एप्रिलमधला वेढा झेलला. २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता खुला झाला. मुटागुचीची फौज परतली तेव्हा तिची ५० हजारांहून अधिक माणसं मृत वा जायबंदी झाली होती, त्यांतली कितीतरी भुकेने आणि रोगाने.

१९४५ ची मोहीम ही स्लिमच्या प्रतिभेची खूण. जपानी सेनापती किमुरा इरावतीच्या मागे सरकला तेव्हा स्लिमने आख्खा बेत बदलला. उत्तरेकडे मंडालेसमोर जोर दाखवायचा, चौथ्या कोअरचं खोटं मुख्यालय बिनतारी संदेशांवर जागतं ठेवायचं, आणि खरी चौथी कोअर गुपचूप गांगाव खोऱ्यातून दक्षिणेला नेऊन पगानजवळ नदी ओलांडायची. ३ मार्चला मेइक्तिला पडलं आणि ब्रह्मदेशातल्या जपानी सैन्याची नाळ तुटली. २० मार्चला मंडाले, मेच्या सुरुवातीला रंगून. मेइक्तिला घेणारी डिव्हिजन होती सतरावी, म्हणजे तीन वर्षांपूर्वी सितांगला जिचे लचके तुटले होते तीच.

इथवर वाचून मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील, आणि राहायलाच हवा. ही फौज कुणासाठी लढत होती? याच इंफाळच्या रणात समोरच्या बाजूला नेताजींची आझाद हिंद सेना होती. एप्रिल १९४४ मध्ये तिने मोइरांगला तिरंगा फडकवला. इरावतीच्या काठावर गुरबक्षसिंग धिल्लन आणि प्रेमकुमार सहगल यांच्या तुकड्या स्लिमच्या वाटेत होत्या. स्लिमने या सेनेची उपेक्षाच केली. त्याच्या लिखाणात तिच्या हेतूंना न्याय मिळत नाही. पण लाल किल्ल्यातल्या खटल्यात शाहनवाज, सहगल, धिल्लन यांच्या बाजूने मुंबईचे भुलाभाई देसाई उभे राहिले तेव्हा भारत कुणाच्या बाजूने होता ते साऱ्या जगाने पाहिलं. त्याच ब्रह्मदेशात, आराकानातल्या कांगॉच्या लढाईत, कोल्हापूरजवळच्या वडगावचे शंकरराव थोरात भारतीय पलटणीचं नेतृत्व करून डीएसओ मिळवत होते आणि सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेच्या वरिष्ठतम अधिकाऱ्यांत होते. एकाला मोठं करण्यासाठी दुसऱ्याला लहान करावं असं मला वाटत नाही. दोघांसमोरही सोपी वाट नव्हती. आणि हेही नोंदवायलाच हवं की चौदावं सैन्य उभं राहत असताना त्याच्या पाठीमागच्या बंगालमध्ये दुष्काळाने सुमारे ३० लाख माणसं मेली. ज्या साम्राज्याने जवानाच्या अंगातला हिवताप मोजला, त्याने शेतकऱ्याची भूक मोजली नाही. त्या साम्राज्याच्या एका चांगल्या सेनापतीचं चरित्र लिहिताना ही नोंद तळटीपेत ढकलणं मला मान्य नव्हतं.

युद्धानंतरचा भाग मी आटोपशीर ठेवला आहे. रंगून जिंकल्याच्याच महिन्यात वरिष्ठ जनरल लीसने त्याला चौदाव्या सैन्यावरून दूर करायचं ठरवलं. सैन्यात असंतोष पसरला आणि शेवटी लीसलाच पद सोडावं लागलं. १९४८ मध्ये पंतप्रधान ॲटलीने माँटगोमेरीची पसंती डावलून स्लिमला साम्राज्याच्या लष्कराचा प्रमुख नेमलं. भारतीय सैन्यातून आलेला तो या पदावरचा पहिला अधिकारी. १९५३ ते १९६० तो ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल होता. १९५६ मध्ये ‘डिफीट इन्टू व्हिक्टरी’ हे पुस्तक आलं, जे आजही लष्करी शाळांत वाचलं जातं. १४ डिसेंबर १९७० रोजी लंडनमध्ये त्याचं निधन झालं. त्यानंतर कित्येक वर्षांनी, ऑस्ट्रेलियात इंग्लंडहून पाठवलेल्या मुलांच्या संस्थेत त्याने मुलांशी गैरवर्तन केल्याचे आरोप तिथे राहिलेल्या काहींनी केले. न्यायालयात त्यांची तड लागली नाही. कॅनबेरातल्या रस्त्याला दिलेलं त्याचं नाव मात्र पुढे काढण्यात आलं. आरोप करणाऱ्यांचं म्हणणं शेवटच्या प्रकरणात मी जसंच्या तसं मांडलं आहे. जो माणूस स्वतःच्या चुका लिहून ठेवण्यासाठी नावाजला गेला, त्याच्या चरित्रातून हे पान फाडता येणार नाही.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने आहे. पहिला भाग बर्मिंगहॅम ते बेळगाव, दुसरा माघारीचा, तिसरा तयारीचा, चौथा इंफाळ ते रंगून आणि पाचवा नंतरच्या वर्षांचा. घाईत असलेल्या वाचकाने निदान तिसरा भाग वाचावा. शाळा, रुग्णालय, साखर कारखाना, ग्रामपंचायत, कुठलीही माणसांची संस्था चालवणाऱ्याला त्यात घेण्यासारखं आहे: फसलेल्या कामाचा प्रामाणिक हिशोब आधी मांडावा, मग खालच्या माणसाच्या पोटापाण्याची आणि प्रकृतीची जबाबदारी वरच्याने स्वतःच्या अंगावर घ्यावी, आणि ती पाळली नाही तर जाब त्यालाच विचारावा.

आणखी एक विनंती. सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत बर्मा स्टारचं पदक, पेन्शनचं पुस्तक, पलटणीचा फोटो पेटीत पडून आहे. ते पदक मिळवणारे आजोबा-पणजोबा आता जवळपास सगळे गेले. त्यांच्या तोंडून ऐकलेलं ज्यांना आठवतं ती पिढीही थकली आहे. हे पुस्तक सेनापतीचं आहे. शिपायांचं पुस्तक अजून लिहायचं आहे आणि ते या घरांतूनच लिहिलं जाईल. पलटणीचं नाव, गावाचं नाव, वर्ष आणि ऐकलेली गोष्ट, एवढं जरी आज वहीत उतरवलं गेलं तरी त्या कामाची सुरुवात झाली असं मी समजेन.